वर्डप्रेसचा डॅशबोर्ड ग्रंथालयाच्या कामाला जुंपताना: ॲक्शन हुकांविषयी तीन प्रश्न

पोटमाळा (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळे बनवण्याच्या एका प्रणालीवर, चालते आणि त्याची तांत्रिक बाजू मी फावल्या वेळात सांभाळतो. संकेतस्थळावर लिहिणारे तिघे आहेत: ग्रंथपाल बाई, त्यांच्या सहायक, आणि सगळे गाव ज्यांना गुरुजी म्हणते असे एक निवृत्त शिक्षक. व्याख्यानमालेचे वृत्तांत गुरुजी लिहितात.

मागच्या महिन्यात गुरुजींनी मला विचारले, की आपण लिहिलेले वृत्तांत संकेतस्थळावर दिसत का नाहीत. उघडून पाहिले, तर मसुद्यांच्या यादीत त्यांचे ११ वृत्तांत ओळीने पडून होते. लॉगिन केल्यावर डॅशबोर्डवर, म्हणजे व्यवस्थापनाच्या पहिल्या पडद्यावर, 'क्विक ड्राफ्ट' नावाची छोटी चौकट समोर येते. गुरुजी तिच्यात शीर्षक आणि मजकूर लिहीत, खालचे बटण दाबत आणि काम झाले असे समजून संगणक बंद करीत. त्या बटणाने मजकूर केवळ मसुदा म्हणून जतन होतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चूक त्यांची नव्हे. त्या पडद्यावर वर्डप्रेसच्या जगभरातील मेळाव्यांच्या इंग्रजी बातम्या होत्या, संकेतस्थळाच्या प्रकृतीचा अहवाल होता आणि एका प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) सशुल्क आवृत्ती घेण्याचे निमंत्रणही होते. वृत्तांत कोठे लिहावा, एवढेच काय ते नव्हते.

म्हणून मी डॅशबोर्ड आवरायला घेतला. वर्डप्रेसच्या मूळ फाइलींना हात न लावता 'डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप' या ॲक्शन हुकला (वर्डप्रेस ठरावीक टप्प्यावर आपला कोड चालवू देते, ती सोय) माझे एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, जोडले. त्यात 'रिमूव्ह_मेटा_बॉक्स' वापरून बातम्यांची, क्विक ड्राफ्टची आणि साइट हेल्थची चौकट काढली. वर पसरणारा स्वागताचा फलक 'वेलकम_पॅनल' या वेगळ्या हुकवरून 'रिमूव्ह_ॲक्शन'ने उतरवला. मग 'डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेट'ने 'आजचे काम' नावाची चौकट घातली. तिच्यात तीनच दुवे आहेत: नवीन वृत्तांत लिहा, अपूर्ण मसुदे, आणि तपासणीसाठी आलेले लेखन. शेवटच्या दोहोंपुढे संख्याही दिसते.

(हुकांची आणि फंक्शनांची नावे येथे देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये खालची रेघ देऊन टंकावी लागतात, हे सांगणे न लगे.)

एवढे जमले, पण तीन ठिकाणी अडलो आहे. सगळा कोड एमयू-प्लगइन्सच्या ('मस्ट-यूज', म्हणजे आपोआप चालू राहणाऱ्या प्लगइनांच्या) फोल्डरमधील एका फाइलीत ठेवला आहे.

पहिली अडचण अशी, की त्या सशुल्क आवृत्तीवाल्या प्लगइनची चौकट हलत नाही. तिचा आयडी ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट'मध्ये पाहून अचूक उतरवून घेतला आहे. त्याच प्लगइनचा डावीकडच्या मेनूतील दुवाही 'ॲडमिन_मेनू' हुकवरून काढायचा प्रयत्न केला, तोही जागचा हलला नाही. मात्र प्रतिक्रियांचा दुवा त्याच फंक्शनने निमूटपणे गेला.

दुसरी अडचण म्हणजे 'आजचे काम' ही चौकट गुरुजींच्या लॉगिनमध्ये सर्वांत वर येते, तर ग्रंथपाल बाईंच्या लॉगिनमध्ये अगदी तळाशी.

तिसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. सेटिंग्ज, प्लगइन्स आणि थीमचे (संकेतस्थळाच्या रूपाचे) दुवे मी मेनूतून काढून टाकले आहेत. आता कोणाकडून चुकून काही बिघडणार नाही, असे समजून निर्धास्त राहावे का?

तळटीप

निर्धास्त राहू नये. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे इतर देतील; तिसऱ्याविषयी सविस्तर लिहितो, परंतु त्याआधी एक विचारतो: त्या तिघांच्या भूमिका कोणत्या आहेत?

पोटमाळा

तिघेही ॲडमिनिस्ट्रेटर आहेत. संकेतस्थळ ज्यांनी मुळात बांधून दिले, त्यांनी तसे करून दिले होते.

कळफलक

पहिल्या प्रश्नात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत, म्हणून ती आधी सोडवतो.

'रिमूव्ह_मेटा_बॉक्स'ला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: चौकटीचा आयडी, कोणता पडदा, आणि ती त्या पडद्याच्या कोणत्या भागात नोंदवली आहे. बातम्यांची आणि क्विक ड्राफ्टची चौकट 'साइड' या भागात नोंदवलेली असते. 'ॲट अ ग्लान्स', 'ॲक्टिव्हिटी' आणि साइट हेल्थ या 'नॉर्मल' भागात असतात. 'डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेट'ने घातलेली चौकट, वेगळे काही सांगितले नसेल तर, 'नॉर्मल' भागात जाते आणि बहुतेक प्लगइने वेगळे काही सांगत नाहीत. माझा तर्क असा, की तुम्ही बातम्यांची ओळ खाली उतरवून तिच्यात फक्त आयडी बदलला असावा आणि 'साइड' हा शब्द तसाच राहिला असावा. भाग चुकला तर वर्डप्रेस तक्रार करीत नाही. ते चुकीच्या भागात ती चौकट शोधते, सापडत नाही, आणि गप्प बसते.

मेनूचे कारण निराळे आहे. 'ॲड_ॲक्शन'ला हुकचे नाव आणि फंक्शनचे नाव यांच्यानंतर तिसरा आकडा देता येतो, तो प्राधान्यक्रमाचा. तो दिला नाही तर १० धरला जातो. लहान आकडा आधी चालतो, मोठा नंतर, आणि दोघांचा आकडा सारखा असेल तर ज्याची नोंद आधी झाली तो आधी. आता भरण्याचा क्रम पाहा: एमयू-प्लगइन्स सर्वांत आधी भरली जातात, मग साधी प्लगइने, त्यांच्यानंतर थीम. तुमची फाइल एमयू-प्लगइन असल्यामुळे तुमच्या १० चा नंबर त्या प्लगइनच्या १० च्या आधी लागतो. म्हणजे तुम्ही दुवा काढायला जाता तेव्हा तो मेनूत टांगलेलाच नसतो. तुम्ही रिकाम्या हाताने परत फिरता आणि तुमच्या मागोमाग प्लगइन येऊन तो टांगून जाते. प्रतिक्रियांचा दुवा गेला, कारण तो वर्डप्रेसचा स्वतःचा आहे आणि 'ॲडमिन_मेनू' हुक चालण्याआधीच यादीत आलेला असतो. तुमच्या फंक्शनला ९९९ हा आकडा द्या. ९९९ मध्ये जादू काही नाही, सर्वांच्या नंतर यावे म्हणून लोक तो देतात.

हुक म्हणजे 'येथे कोड घालायची जागा' असे पुष्कळांना वाटते. मी नव्या मुलांना सांगतो, की हुक ही जागा नव्हे, ती वेळ आहे. पान बनवता बनवता वर्डप्रेस ठरावीक टप्प्यांवर थांबून आवाज देते, की 'मी येथवर आलो, कोणाला काही करायचे आहे का?' ज्यांनी आधी नाव नोंदवले आहे त्यांना ते नंबराप्रमाणे बोलावते आणि पुढे जाते. तुमचे फंक्शन बरोबर असूनही काही घडत नसेल, तर दहांपैकी आठ वेळा ते चुकीच्या वेळी पोहोचलेले असते. (हा दहा-आठचा हिशोब माझ्या अनुभवाचा, कोणी मोजलेला नाही.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या कोडमध्ये नाही, डेटाबेसमध्ये आहे. डॅशबोर्डवरील चौकटी माउसने ओढून मागेपुढे करता येतात आणि कोणी एकदा जरी तसे केले, तरी त्या व्यक्तीचा क्रम तिच्या नावावर यूजरमेटाच्या तक्त्यात साठवला जातो. 'मेटा-बॉक्स-ऑर्डर_डॅशबोर्ड' या नावाची नोंद शोधा. बाईंनी कधीतरी एखादी चौकट हलवलेली असणार. साठवलेल्या त्या यादीत तुमची नवी चौकट नाही, म्हणून जुन्या क्रमातल्या चौकटी मांडून झाल्यावर तिला उरलेली जागा मिळते. गुरुजींनी कधीच काही हलवले नाही, त्यामुळे त्यांना कोरा क्रम दिसतो. बाईंची ती नोंद एकदा काढून टाका, किंवा त्यांच्या लॉगिनमधून चौकट हाताने वर ओढा. दुसरा उपाय सोपा आहे.

वर्डप्रेस ५.६ पासून 'डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेट'ला भाग आणि महत्त्व असे आणखी दोन तपशील देता येतात. यांतल्या महत्त्वाच्या तपशिलात 'हाय' असे लिहिल्यास नव्या माणसाला चौकट वर दिसते. त्याआधी हेच करण्यासाठी वर्डप्रेसची चौकटींची सगळी अंतर्गत (ग्लोबल) यादी हातात घेऊन तिची उलथापालथ करावी लागे. जालावर अजून तोच जुना उपाय फिरतो, तो घेऊ नये.

पोटमाळा

'साइड' हा शब्द तसाच राहिला होता. ओळ खाली उतरवून आयडी बदलला होता, हेही खरे. दोन्ही गोष्टी गेल्या, मनःपूर्वक आभार.

तळटीप

आता तिसऱ्या प्रश्नाकडे.

'रिमूव्ह_मेनू_पेज' हे फंक्शन फक्त दुवा काढते. ज्या पानाकडे तो दुवा नेत होता, ते पान आहे तेथेच राहते. ग्रंथपाल बाईंच्या लॉगिनमधून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत 'डब्ल्यूपी-ॲडमिन'च्या पुढे 'प्लगइन्स.पीएचपी' असे टंकून पाहा. पूर्ण पान उघडेल आणि त्यावरून कोणतेही प्लगइन बंद करता येईल. दारावरची पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

कुलूप लागते ते अधिकारांनी. वर्डप्रेसमध्ये भूमिका म्हणजे अधिकारांचा एक जुडगा असतो. सेटिंग्जसाठी 'मॅनेज_ऑप्शन्स', प्लगइनांसाठी 'ॲक्टिव्हेट_प्लगइन्स', असा प्रत्येक पानामागे एक अधिकार असतो आणि पान उघडताना वर्डप्रेस तो स्वतः तपासते. ग्रंथपाल बाई आणि त्यांच्या सहायक यांना एडिटर करा. एडिटरला कोणाचेही लेखन तपासता आणि प्रसिद्ध करता येते, पण प्लगइने, थीम आणि सेटिंग्ज यांचे अधिकार त्याच्याकडे नसतात. बदल केल्यावर तुमच्या लक्षात येईल, की मेनूतील जे दुवे काढण्यासाठी तुम्ही कोड लिहिला, त्यांतले बहुतेक आपोआपच नाहीसे झाले आहेत. मग तेवढा कोड पुसून टाका. मी अशी कामे पाहिली आहेत, जिथे मेनू झाकण्यासाठी दोनशे ओळी लिहिल्या होत्या आणि भूमिका बदलण्याचे दोन मिनिटांचे काम कोणालाच सुचले नव्हते.

गुरुजींचा विचार थोडा अधिक करावा लागेल. त्यांचे लेखन बाईंनी पाहून मगच प्रसिद्ध करायचे असेल, तर कॉन्ट्रिब्यूटर ही भूमिका योग्य. त्यांना 'प्रसिद्ध करा' ऐवजी तपासणीसाठी पाठवण्याचे बटण दिसते आणि ते लेखन तुमच्या तिसऱ्या दुव्यात बरोबर मोजले जाईल. मात्र कॉन्ट्रिब्यूटरला छायाचित्रे चढवता येत नाहीत, आणि वक्त्याच्या सत्काराच्या छायाचित्राविना व्याख्यानमालेचा वृत्तांत कोणते ग्रंथालय छापते? त्यासाठी त्या भूमिकेला 'अपलोड_फाइल्स' हा अधिकार जोडावा. ही जोडणी डेटाबेसमध्ये कायमची लिहिली जाते, म्हणून ती एकदाच चालवायची असते. पान उघडण्याच्या प्रत्येक वेळी चालणाऱ्या हुकला ती बांधून ठेवू नये.

मधली सुट्टी

अधिकारांचा विषय निघाला आहे म्हणून आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर मी करून ठेवलेला घोटाळा सांगतो. इतरांचा वेळ तरी वाचेल.

पालकांची खाती सब्स्क्रायबर भूमिकेची आहेत. लॉगिन केल्यावर त्यांना वर्डप्रेसचा डॅशबोर्ड दिसू नये, म्हणून मी 'ॲडमिन_इनिट' या हुकला एक लहान फंक्शन जोडले: ज्याच्याकडे लेखन संपादित करण्याचा अधिकार नाही, त्याला मुखपृष्ठावर पाठवा. मी स्वतः तपासले, सर्व ठीक. मुख्याध्यापकांनी तपासले, सर्व ठीक. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून निरोप आला, की प्रवेशाची चौकशी करणारा एकही अर्ज आलेला नाही, आणि ऐन जूनमध्ये असे कधी होत नाही.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. 'ॲडमिन_इनिट' या नावावरून तो फक्त ॲडमिनच्या पानांवर चालत असेल असे वाटते. प्रत्यक्षात 'ॲडमिन-एजॅक्स.पीएचपी' (एजॅक्स म्हणजे पान पुन्हा न उघडता माहिती पाठवण्याची पद्धत) आणि 'ॲडमिन-पोस्ट.पीएचपी' या फाइलींतूनही तो चालतो आणि संकेतस्थळाच्या दर्शनी बाजूचे अनेक अर्ज आपली माहिती याच फाइलींकडे पाठवतात. पालकांनी 'पाठवा' दाबले की माहिती एजॅक्सच्या फाइलीकडे जाई. तेथे माझे फंक्शन उभे असे. अर्ज भरणाऱ्या पालकाने लॉगिन केलेलेच नसल्यामुळे त्याच्याकडे संपादनाचा अधिकार नसे. आणि त्याची माहिती मुखपृष्ठावर पाठवली जाऊन तेथेच विरून जाई. पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राही. मला आणि मुख्याध्यापकांना दोष दिसला नाही, कारण आम्ही दोघेही लॉगिन करूनच तपासत होतो आणि आमच्याकडे अधिकार होता.

कळफलक

हा अनुभव येथे लिहिलात हे फार बरे केलेत. पुष्कळजण यावर 'डब्ल्यूपी_डुइंग_एजॅक्स' या फंक्शनची तपासणी घालतात. त्याने एजॅक्सच्या विनंत्या सुटतात, पण ॲडमिन-पोस्टच्या मार्गाने येणारे अर्ज अडकलेलेच राहतात. तुमचा हेतू केवळ डॅशबोर्डचे पान टाळण्याचा असेल, तर मुळात एवढा रुंद हुक कशाला? 'लोड-इंडेक्स.पीएचपी' असा एक हुक आहे. ॲडमिनमधील प्रत्येक फाइलीच्या नावाने असा हुक तयार होतो आणि ते पान उघडताना, काहीही छापले जाण्याच्या आधी, चालतो. तेथून 'डब्ल्यूपी_सेफ_रिडायरेक्ट' करा आणि पुढच्याच ओळीत 'एक्झिट' लिहा. एजॅक्सची फाइल त्या वाटेने जातच नाही, त्यामुळे तिला धक्का लागत नाही. आणि तपासणी नेहमी ब्राउझरच्या खासगी खिडकीतून, लॉगिन न करता, एकदा तरी करावी.

ओसरी

मी यात अगदी नवखी आहे, तरी विचारते. कोकणातील आमच्या घरगुती निवासव्यवस्थेचे संकेतस्थळ मीच चालवते. हा धागा वाचून मीही आरक्षणाच्या चौकशांचा दुवा देणारी एक चौकट घालायला गेले. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून थीमची 'फंक्शन्स.पीएचपी' उघडली आणि तिच्या शेवटी 'डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेट'ची ओळ लिहिली. जतन करताच पूर्ण संकेतस्थळ बंद पडले. नुसता डॅशबोर्ड नव्हे, पाहुण्यांना दिसणारी पानेही. ती ओळ पुसल्यावर सर्व पूर्ववत झाले, परंतु डॅशबोर्डच्या कामाने बाहेरची पाने का पडावीत, हे समजले नाही.

कळफलक

तुम्ही ती ओळ हुकच्या आत ठेवली नाहीत, उघड्यावर ठेवलीत. 'फंक्शन्स.पीएचपी' ही फाइल संकेतस्थळाचे कोणतेही पान उघडले तरी वाचली जाते. डॅशबोर्डवर चौकट घालणारे फंक्शन मात्र ॲडमिनच्या एका वेगळ्या फाइलीत आहे आणि ती फाइल पाहुण्यांच्या पानांवर भरलीच जात नाही. त्यामुळे पीएचपीला तुमच्या ओळीत एक अनोळखी नाव सापडते आणि ते तेथेच थांबते. हीच ओळ तुम्ही स्वतःच्या एका फंक्शनमध्ये ठेवली असती आणि ते फंक्शन 'डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप'ला जोडले असते, तर डॅशबोर्ड उघडेपर्यंत तिला कोणी हात लावला नसता. वेळेचे जे वर म्हटले, ते हेच.

जोडताना एक बारीक गोष्ट सांभाळा. 'ॲड_ॲक्शन'मध्ये तुमच्या फंक्शनचे नाव अवतरणचिन्हांत लिहायचे असते आणि त्याच्यापुढे कंस द्यायचा नसतो. कंस दिलात की ते फंक्शन त्याच क्षणी चालते. निरोप ठेवण्याऐवजी तुम्ही स्वतःच आधी जाऊन आलात असे होते.

आणि हा कोड थीममध्ये ठेवू नका. थीमची नवी आवृत्ती आली की तुमच्या ओळी पुसल्या जातात आणि थीम बदलली तर चौकट तिच्याबरोबर जाते. एक छोटे स्वतंत्र प्लगइन करा. फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीच्या खुणांमध्ये प्लगइनचे नाव लिहिले, की ते यादीत दिसू लागते.

तळटीप

प्लगइन की एमयू-प्लगइन, यावर माझे मत थोडे वेगळे आहे आणि धागाकर्त्यांनीही ते विचारात घ्यावे. एमयू-प्लगइन कोणालाही पडद्यावरून बंद करता येत नाही, हा त्याचा लाभ. पण तीच त्याची अडचणही आहे. वर्डप्रेस ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ साली, अशी सोय आली की एखाद्या प्लगइनमुळे किंवा थीममुळे संकेतस्थळ कोसळले, तर व्यवस्थापकाला ईमेलने एक खास दुवा येतो आणि त्यावरून लॉगिन केल्यास दोषी प्लगइन तेवढ्यापुरते बाजूला ठेवले जाते. एमयू-प्लगइनमधील चुकीला ही सोय लागू पडत नाही. तेथे अर्धविराम राहिला, तर फाइल मॅनेजर किंवा एफटीपीवरून फाइलीचे नाव बदलण्यावाचून मार्ग नाही. ज्याला ती वाट रात्री दहा वाजता फोनवरूनही जमते, त्याने एमयू-प्लगइन वापरावे. नवख्याने साधे प्लगइनच करावे. शिवाय एमयू-प्लगइन्सच्या फोल्डरात थेट ठेवलेल्याच फाइली आपोआप भरल्या जातात, उपफोल्डरात ठेवलेल्या नाहीत, हेही अनेकांना अर्धा दिवस घालवल्यावर कळते.

अवांतर होईल, पण वर्डप्रेसमध्ये ही हुकांची रचना १.२ आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे, आणि 'ॲड_ॲक्शन' हे फंक्शन आतून 'ॲड_फिल्टर'लाच हाक मारते. नावे दोन, यंत्र एकच.

कळफलक

यंत्र एक असले, तरी वापरात दोहोंची गल्लत महागात पडते. ॲक्शनवर तुम्ही काम करता आणि निघून जाता. फिल्टरवर तुमच्या हाती काहीतरी दिले जाते आणि ते, बदलून किंवा न बदलता, परत द्यावेच लागते.

लेखांच्या यादीत 'कार्यक्रमाची तारीख' असा स्तंभ हवा असेल, तर दोन्ही लागतात. 'मॅनेज_पोस्ट्स_कॉलम्स' हा फिल्टर स्तंभांची यादी देतो. तिच्यात आपला स्तंभ घालून यादी परत करायची. 'रिटर्न' विसरलात तर सगळेच स्तंभ जातात. त्यानंतर 'मॅनेज_पोस्ट्स_कस्टम_कॉलम' या ॲक्शनवर त्या स्तंभात काय छापायचे ते सांगायचे. हा हुक स्तंभाचे नाव आणि लेखाचा क्रमांक अशा दोन गोष्टी देऊ करतो, पण तुम्ही मागितल्याशिवाय एकच देतो. म्हणून 'ॲड_ॲक्शन'मध्ये प्राधान्याच्या आकड्यानंतर २ लिहावे लागते. नाही लिहिले, तर आजच्या पीएचपीवर यादीचे पान 'तपशील अपुरे' अशी तक्रार करून अर्ध्यावर कोसळते.

पोटमाळा

स्तंभाची कल्पना उचलली. दोघींना एडिटर आणि गुरुजींना कॉन्ट्रिब्यूटर केले, छायाचित्रांचा अधिकार जोडला आणि मेनू झाकणारा बहुतेक कोड काढून टाकला. फाइल १४० ओळींवरून ६० वर आली. प्रत्येकाच्या खात्यात भाषा वेगळी निवडता येते, म्हणून त्या तिघांना मराठी करून दिली. माझे इंग्रजीच ठेवले आहे, कारण अडचण आली की शोधायला तीच नावे लागतात.

आणखी एक विचार मनात आहे. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ग्रंथालयातल्याच एका संगणकावर, कोहा या प्रणालीत होते. आज किती पुस्तके परत यायची आहेत, तो आकडा तेथून आणून 'आजचे काम'मध्ये दाखवावा म्हणतो.

मधली सुट्टी

दाखवा, पण तो संगणक दुपारी एक ते चार बंद असेल तेव्हा काय होईल, ते आधी पाहा.

कळफलक

तेच सांगणार होतो. वर्डप्रेस बाहेरून माहिती मागवते तेव्हा, वेगळे सांगितले नसेल तर, पाच सेकंद वाट पाहते. समोरचा संगणक बंद असेल तर डॅशबोर्ड उघडणारा प्रत्येक माणूस पाच सेकंद पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसेल. आकडा आणला की तो 'सेट_ट्रान्झियंट'ने तासभर साठवून ठेवा आणि चौकट भरताना साठवलेलाच आकडा वाचा. आकडा मिळाला नाही, हेही काही मिनिटांपुरते साठवा, नाहीतर बंद संगणकाला दर वेळी नव्याने हाका मारल्या जातील. बाहेरून आलेले जे काही छापाल ते 'ईएससी_एचटीएमएल'मधून गाळून छापा, मग तो साधा आकडा असला तरी.

ओसरी

माझी चौकट आली! छोटे प्लगइन करूनच घातली. अक्षरे मोठी करण्यासाठी स्टाइलची फाइल जोडली, तर ती ॲडमिनच्या सगळ्याच पानांवर लागू झाली आणि चित्रांच्या पानावरची बटणे एकमेकांवर चढली.

कळफलक

'ॲडमिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स' हा हुक तुमच्या फंक्शनला चालू पानाचे नाव देतो. ते 'इंडेक्स.पीएचपी' नसेल तर काही न करता परत फिरा. डॅशबोर्डच्या पानाचे नाव तेच आहे.

पोटमाळा

तीन आठवड्यांनंतरची स्थिती लिहितो.

नवा डॅशबोर्ड ग्रंथपाल बाईंना पसंत पडला. 'तपासणीसाठी आलेले' या दुव्यापुढचा आकडा त्या सकाळी पहिल्यांदा पाहतात. कोहाचा आकडा तासाभरापूर्वीचा असतो, तो किती वाजता आणला ते त्याच्याखाली बारीक अक्षरांत छापतो. त्यावर कोणाची तक्रार नाही.

गुरुजी मात्र पहिल्या आठवड्यात काहीच लिहीनात. विचारले, तेव्हा म्हणाले, 'तो छोटा चौकोन कुठे गेला? त्यात बरे होते.' 'नवीन वृत्तांत लिहा' हा दुवा दाबल्यावर जो पूर्ण संपादक उघडतो, त्यातील उजवीकडचा पट्टा आणि अधिकाची चिन्हे पाहून ते दोनदा परत फिरले होते. क्विक ड्राफ्टमध्ये एक शीर्षक, एक मजकूर आणि एक बटण एवढेच असते, आणि त्यांना तेवढेच हवे होते. आधीची अडचण त्या चौकटीत नव्हतीच; तिच्यात लिहिलेले पुढे कोणी पाहत नव्हते, ही ती अडचण होती, आणि मसुद्यांचा आकडा आता रोज बाईंच्या डोळ्यांसमोर असतो.

क्विक ड्राफ्ट काढणारी ओळ मी पुसून टाकली आहे. गुरुजी तेथेच लिहितात, बाई मसुद्यांच्या दुव्यावरून तो मजकूर उघडून छायाचित्र लावतात आणि प्रसिद्ध करतात. जुने ११ वृत्तांतही गेल्या रविवारी त्याच वाटेने संकेतस्थळावर गेले.